सही माझी, कर्ज त्यांचं, घर दोघांचं

पत्र थोडक्यात असं (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) :

लिहिणाऱ्या ताई 46 वर्षांच्या आहेत. खासगी शाळेच्या कार्यालयात नोकरी, पगार हातात 38 हजार. 2009 साली नवरा-बायकोच्या नावावर मिळून फ्लॅट घेतला. गृहकर्जाचे बहुतेक हप्ते ताईंच्या पगारातून गेले आणि 2020 मध्ये ते कर्ज फिटलं. पुढच्या वर्षी नवऱ्याने वर्कशॉप वाढवण्यासाठी तोच फ्लॅट तारण ठेवून 42 लाखांचं कर्ज काढलं. "बँकेचा माणूस घरी आला, पेन्सिलने फुल्या केल्या होत्या तिथे मी सह्या केल्या. मी फक्त सही केली." वर्कशॉप गेल्या वर्षी बंद पडलं. सात हप्ते थकले, हे नवऱ्याने घरात सांगितलं नाही. बँकेची 60 दिवसांची नोटीस आली तीही त्यांनी स्कूटरच्या डिकीत ठेवली. ताईंच्या हाती ती लागली तेव्हा त्यातले 22 दिवस संपले होते. नोटिशीत 38 लाख 60 हजारांची मागणी आहे. फ्लॅटची बाजारातली किंमत साधारण 75 लाख. नवरा आता दुसऱ्याच्या कारखान्यात 22 हजारांवर काम करतो. घरात सासूबाई आणि बारावीतला मुलगा आहे. सासूबाई म्हणतात, दागिने मोड, पीएफ काढ, पण घर जाऊ देऊ नकोस. दीर म्हणतात, भावाचा हिस्सा बक्षीसपत्राने तुझ्या नावावर करून घे, मग बँक काही करू शकत नाही. मामेबहीण म्हणते, कौटुंबिक हिंसाचाराची केस टाक, स्टे मिळेल. भाऊ म्हणतो, सोड त्याला आणि ये निघून. ताई विचारतात : "घर माझ्या पगारातून झालंय, ते बँक कसं नेऊ शकते? आणि ज्याने नेण्याची वेळ आणली, त्याच्याबरोबर राहू का?"

ताई,

पत्रात तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय, "मी फक्त सही केली." तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या डोक्यातला बराचसा गोंधळ त्या 'फक्त'मध्ये आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर असल्याने तुमच्या सहीशिवाय बँकेला तो पूर्ण तारण घेताच आला नसता. म्हणूनच तो माणूस घरी आला. त्या कागदांवर तुम्ही बहुधा सहकर्जदार आहात, निदान जामीनदार तरी. आणि 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर. तुम्ही पत्रभर 'त्यांचं कर्ज' म्हणता. घरात ते खरं आहे, बँकेच्या वहीत नाही. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. पेन्सिलच्या फुल्यांवर सह्या करणाऱ्या बायका घरोघरी आहेत, आणि नवऱ्याने 'अगं, बँकेची पद्धत असते' म्हटल्यावर कागद वाचत बसणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. पण पुढचा प्रत्येक निर्णय 'मी यात आहे' हे धरून घ्यावा लागेल. म्हणून पहिलं काम : बँकेला लेखी पत्र देऊन कर्जकरार, जामीनपत्र, मंजुरीपत्र आणि खात्याचा संपूर्ण उतारा यांच्या प्रती मागा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

"घर माझ्या पगारातून झालं" हेही तसंच. ते खरंच आहे. अकरा वर्षं हप्ते भरलेल्या बाईला घराच्या भिंती आपल्या वाटल्या नाहीत तरच नवल. मात्र ते वाक्य बँकेपुढे चालत नाही, नवऱ्यापुढे चालतं. फ्लॅट विकून काही उरलं, तर त्याची वाटणी कशी व्हावी, हे ठरवताना त्याचा उपयोग आहे. तेव्हा जुनी पासबुकं आणि पगाराच्या खात्याचे उतारे शोधून एका फाईलमध्ये लावा. आज नाही, महिन्याभराने लागतील.

आता नोटिशीबद्दल. तुम्हाला आलेली नोटीस सरफेसी कायद्याखालची आहे, 2002 चा. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं बुडीत धरलं जातं आणि मग बँक कोर्टात दावा न लावता तारण ठेवलेली मालमत्ता विकू शकते. त्याची पहिली पायरी म्हणजे ही कलम 13(2) ची 60 दिवसांची नोटीस. दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, ती डिकीतून बाहेर आली तिथून नाही. तुमच्याकडे 38 दिवस आहेत. या मुदतीत तुम्हाला बँकेकडे लेखी हरकत किंवा निवेदन देता येतं आणि बँकेने त्याला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. रकमेचा हिशेब चुकीचा वाटत असेल, भरलेला हप्ता जमा दिसत नसेल, तर ते इथेच मांडायचं.

एकसष्टाव्या दिवशी कुणी तुमचं सामान जिन्यात काढणार नाही. ही भीती तुमच्या पत्रात जागोजागी दिसते, म्हणून सांगते. मुदत संपल्यावर बँक आधी सहसा सांकेतिक ताबा घेते : दारावर नोटीस चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत ती छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. प्रत्यक्ष ताबा हवा असेल तर बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. पुढे मूल्यांकन, राखीव किंमत म्हणजे लिलावातली किमान किंमत, साधारण 30 दिवसांची लिलावाची नोटीस. ताब्याची कारवाई झाल्यापासून 45 दिवसांत तुम्हाला कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, दाद मागता येते. साध्या दिवाणी कोर्टात सहसा नाही. मात्र एक तारीख अशी आहे की तिच्यानंतर दार बंद होतं : लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण रक्कम भरली तर मालमत्ता सोडवून घेता येते, नंतर तो हक्क राहत नाही. 2016 च्या दुरुस्तीने हे असं झालं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ते पक्कं केलं. जुन्या अनुभवावर बोलणारे काका-मामा 'लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरले तरी चालतं' असं सांगतील. त्यांचं ऐकू नका.

सल्ले देणाऱ्यांचं काय? दिरांचा बक्षीसपत्राचा उपाय निकामी आहे. गहाण पडलेली वस्तू नवरा-बायकोत कुणाच्या नावावर फिरवली तरी गहाण तिच्याबरोबर फिरतं. शिवाय ही नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालमत्ता हस्तांतरित करायला कायद्यानेच मनाई आहे. मामेबहिणीचा सल्ला जास्त नाजूक आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि तो मोठा हक्क आहे. पण तो नवऱ्याविरुद्ध, त्याच्या नातेवाइकांविरुद्ध चालतो. तुम्ही स्वतः सही करून तारण दिलेल्या घरावर बँकेला तो अडवेल, अशी आशा धरू नका. तुमच्या पत्रात मारहाणीचा, छळाचा, पैसे काढून घेतल्याचा शब्द नाही. असेल आणि लिहायचं राहिलं असेल, तर जरूर तक्रार करा, पण ती त्या कारणासाठी. स्टे मिळवण्याचं अवजार म्हणून केलेली खोटी केस घर तर वाचवणार नाहीच, उलट ज्या माणसाच्या सहकार्याची पुढच्या तीन महिन्यांत तुम्हाला सर्वात जास्त गरज आहे, तो समोरच्या बाकावर जाऊन बसेल. भावाच्या सल्ल्याकडे शेवटी येते.

सासूबाईंचं म्हणणं मात्र थांबून बघू, कारण तुम्ही त्याच्या अगदी काठावर उभ्या आहात असं वाटतं. "पीएफचा फॉर्म आणून ठेवलाय" असं तुम्ही लिहिलंय.

कागद-पेन घ्या. तुमचा पगार 38 हजार, त्यांचा 22. एकूण 60. कर्जाचा हप्ता तुम्ही लिहिल्याप्रमाणे पावणेअठ्ठेचाळीस हजार. उरले सव्वाबारा हजार, त्यात चार माणसं, सासूबाईंची औषधं, मुलाचा क्लास. हे गणित जमत नाही, ताई. पीएफमधल्या 9 लाखांपैकी सव्वातीन-साडेतीन लाख घालून थकलेले हप्ते भरलेत, तर बऱ्याच बँका खातं पुन्हा चालू करतील, नियमात ती वाट आहे. आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पुन्हा पावणेअठ्ठेचाळीस हजार. उरलेला पीएफ वर्षाभरात संपेल, मग दागिने, मग पुन्हा अशीच नोटीस. तेव्हा घरही जाईल आणि तुम्ही साठीत रिकाम्या हाताने शिराल. सासूबाई 'घर वाचव' म्हणतात तेव्हा त्या एक गोष्ट गृहीत धरतात : अडचण थकबाकीची आहे. थकबाकी ही सात महिन्यांची अडचण आहे. उरलेलं कर्ज पेलण्याएवढी कमाई घरात नाही, ही कर्जाच्या उरलेल्या अकरा वर्षांची. वर्कशॉप चालू असतं, दोन मोठी येणी अडकली असती, तर मी वेगळं लिहिलं असतं. मग 'पूल बांधायला' पीएफ काढण्यात अर्थ होता. इथे पलीकडचा काठच दिसत नाही.

शिवाय पीएफबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याप्रमाणे त्या खात्यातल्या पैशावर कोणत्याही देणेकऱ्याला टाच आणता येत नाही. ज्या पैशाला बँक हात लावू शकत नाही, तो तुम्ही आपण होऊन काढून तिच्या काउंटरवर ठेवणार? आणि दागिने, जे माहेरून किंवा लग्नात तुम्हाला मिळाले, ते स्त्रीधन आहे. ते द्यायचं की नाही हे फक्त तुम्ही ठरवायचं. 'घरची सून म्हणून' हा शब्द त्यावर चालत नाही.

मग काय करायचं? माझं मत तुम्हाला आवडणार नाही. घर तुम्हीच विका, बँकेने विकण्याआधी.

ऐकून पोटात गोळा येईल, कळतं. पण 'घर जाणं' या एका शब्दात तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. बँकेने लिलाव केला तर राखीव किंमत बहुधा बाजारभावाच्या खाली असते; गिऱ्हाईक कमी असतात, कारण आत माणसं राहत असलेलं घर घ्यायला लोक बिचकतात; वर जप्तीचा, जाहिरातीचा, मूल्यांकनाचा खर्च तुमच्याच माथी. आणि लिलावातून कर्ज पुरतं फिटलं नाही, तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्या दोघांमागे डीआरटीत येऊ शकते. तुमच्या बाबतीत किमतीतला फरक मोठा असल्याने ती वेळ येऊ नये, उरलेली रक्कम कायद्याने तुम्हालाच परत मिळायची असते. पण किती उरेल ते तुमच्या हातात नसेल. तेच तुम्ही 75 लाखांना विकलंत, तर बँकेचे 39 लाख धरू, दलाली आणि कर वजा जाता 30 लाखांच्या आसपास हातात राहायला हवेत. 30 लाख आणि भाड्याचं घर, की कर्ज आणि दिवसागणिक वाढणारं व्याज, अशी ही निवड आहे. घर आणि बेघर होणं अशी नाही.

तारण घर विकता येतं. त्याची रीत ठरलेली आहे. बँकेकडून आजच्या तारखेला पूर्ण फेड किती याचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी लेखी घ्यायची. विक्रीला बँकेची लेखी संमती मागायची, कारण नोटीस आल्यावर ती लागतेच. गिऱ्हाईक कर्ज काढून घेणारं असेल तर त्याची बँक तुमच्या बँकेचं देणं थेट चुकवते आणि उरलेली रक्कम तुम्हाला मिळते. ती एका चेकने घेऊ नका. विक्रीकरारातच लिहून घ्या की उरलेली रक्कम दोन मालकांना वेगवेगळ्या चेकने, आपापल्या खात्यात. नवऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. त्यांच्या खात्यावर आणखी कुणाची नजर आहे हे अजून तुम्हाला ठाऊक नाही म्हणून. फ्लॅट 2009 चा आहे, त्यामुळे नफ्यावर भांडवली नफा कर लागेल. कर्ज फेडण्यात पैसे गेले म्हणून तो माफ होत नाही, आणि इथे लोक हमखास गडबडतात : सगळे पैसे वाटून मोकळे होतात आणि पुढच्या जुलैत कर भरायला उसनवारी करतात. व्यवहाराआधी सीएला तासभर भेटा. 2024 च्या जुलैपूर्वी घेतलेल्या घराला दोन पद्धतींपैकी कमी कर बसेल ती निवडता येते. ठरावीक मुदतीत दुसरं घर घेतलं तर सवलतही आहे.

38 दिवसांत विक्री पुरी होणार नाही. म्हणून बँकेला आत्ताच सांगायचं. दोघं मिळून जा, शाखेत नाही तर नोटिशीवर ज्या प्राधिकृत अधिकाऱ्याची सही आहे त्याच्याकडे. लेखी द्या की आम्ही स्वतः घर विकून पूर्ण फेड करतोय, अमुक महिन्यांची मुदत द्या. दलालाचं पत्र, जाहिरातीची प्रत, गिऱ्हाईक ठरलं की इसार पावती, जे असेल ते जोडा. दर पंधरा दिवसांनी प्रगती कळवा. बँकेलाही लिलावाच्या कटकटीपेक्षा रोख बरी वाटते. एकरकमी तडजोडीचं, ज्याला बँकेत ओटीएस म्हणतात, तेही विचारा. व्याजात थोडी सूट मिळाली तरी चांगलंच. पण तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय, आणि ज्याच्या तारणाची किंमत कर्जाच्या दुप्पट आहे त्याला बँक फार सूट देत नाही. अधिकारी तोंडी जे बोलेल ते त्याच संध्याकाळी ईमेलने त्याला कळवा : "आज आपण असं म्हणालात." वसुलीवाले फोन करून त्रास देत असतील तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी आली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

नोटीस पाहिल्यावर तुमच्या दाराशी आणखी एक जमात येईल. 'लिलाव थांबवून देतो, दोन टक्के द्या.' त्यांना चहासुद्धा देऊ नका. वकील हवाच, पण तो कागद वाचण्यासाठी. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचा पगार कितीही असो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा किंवा 15100 वर फोन. डीआरटीत स्टे मिळाला तरी बहुधा काही रक्कम भरण्याच्या अटीवर मिळतो, हेही आधी कळलेलं बरं.

आता नवऱ्याकडे वळू.

तुम्ही लिहिता, "त्यांनी मला फसवलं." नेमकं कशात? कर्ज तुम्हाला ठाऊक होतं. नव्या शेडच्या पूजेला तुम्ही शेजारी बसला होतात, हे तुम्हीच लिहिलंय. धंदा बुडणं ही फसवणूक नाही. सात महिने हप्ता थकत असताना रोज संध्याकाळी घरी येऊन काही न बोलणं आणि तुमच्या नावाचीही असलेली नोटीस लपवणं, ही फसवणूक आहे. हा फरक मी त्यांची बाजू घ्यायला करत नाही. रागाला नेमकी जागा मिळाली की पुढचा प्रश्न नीट विचारता येतो. तो प्रश्न 'यांनी घर का घालवलं' हा नाही. तो 'यांना माझ्याशी खरं बोलणं जमेल का' हा आहे.

आणि त्याचं उत्तर मिळवायची एक साधी रीत आहे. एका रविवारी त्यांना समोर बसवा आणि सगळी देणी एका कागदावर लिहायला सांगा. बँक, पतसंस्था, क्रेडिट कार्ड, मोबाइलवरची अ‍ॅपची कर्जं, माल देणारे व्यापारी, मित्रांकडचे हातउसने, सावकार असेल तर सावकार. कुणाला सही करून कोरे चेक दिलेत, तेही. मग दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि यादीशी ताडून पाहा. माझा अनुभव असा की ज्याने एक नोटीस डिकीत ठेवली, त्याच्या डिकीत सहसा अजून काही असतं. यादी आणि अहवाल जुळले, तर हा माणूस लाजेने गप्प होता असं धरायला जागा आहे. चौथ्यांदा विचारल्यावरही नवीन नाव निघत राहिलं, तर मग तुमच्या भावाचा सल्ला गंभीरपणे घ्या. तोवर एकाही नव्या कागदावर सही नाही, ना जामीन, ना चेक.

हे बसणं रात्री उशिरा करू नका, आणि ओरडण्याने सुरू करू नका. धंदा बुडालेली, घरच्यांपासून लपवत आलेली माणसं आतून फार खचलेली असतात. ते जेवत नसतील, झोपत नसतील, 'माझ्यामागे विमा आहे' असलं काही बोलले असतील, तर आधी ते. टेलिमानस, 14416, चोवीस तास, मराठीतही बोलतात. घर सहा महिन्यांनी भाड्याचं मिळेल.

भाऊ म्हणतो निघून ये. तुमच्यावरच्या मायेपोटी म्हणतो, पण त्यातही एक गृहीत आहे : नवऱ्यापासून वेगळं झालं की कर्जापासून वेगळं होता येतं. नाही होता येत. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने बँकेच्या करारावरची तुमची सही पुसली जात नाही. म्हणून माझं म्हणणं, घराचा आणि संसाराचा निर्णय एकाच ताटात वाढू नका. घराच्या निर्णयाला तारखा आहेत, संसाराच्या निर्णयाला नाहीत. आधी दोघं मिळून कर्ज संपवा, रक्कम आपापल्या खात्यात येऊ द्या, भाड्याच्या घरात सामान लागू द्या. त्यानंतर वर्षभराने तुम्ही वेगळं व्हायचं ठरवलंत तरी ते स्वतःच्या पैशावर, शांत डोक्याने होईल. राहायचं ठरवलंत, तर घराचे आर्थिक व्यवहार यापुढे तुमच्या डोळ्यांखालून जातील, ही अट घालण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

अशाच प्रसंगातल्या पण थोड्या वेगळ्या स्थितीतल्या वाचकांसाठीही दोन शब्द. घर फक्त नवऱ्याच्या नावावर असेल आणि तुमची कुठेही सही नसेल, तर कर्ज तुमचं नाही. पण घर जाणं त्याने टळत नाही. तिथे नवऱ्याकडून पर्यायी निवारा किंवा भाडं मागण्याचा मार्ग कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे. तुम्ही सहमालक आहात आणि कागदावरची तुमची सही तुम्ही केलेलीच नाही, तर मुद्दा पार वेगळा होतो : लगेच बँकेला लेखी कळवा, पोलिसांत तक्रार द्या, डीआरटीत जा, आणि ताब्याची नोटीस दारावर लागायची वाट पाहू नका. कर्ज सहकारी बँकेचं आहे म्हणून सरफेसी लागणार नाही, असं कुणी म्हणालं तर ते जुनं झालं; 2020 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो वाद मिटवला. पतसंस्थेची वसुली मात्र सहकार कायद्याच्या कलम 101 च्या दाखल्यावर चालते, तिथली धावपळ सहकार निबंधकाच्या कार्यालयात. आणि ज्यांच्यापुढे पेन्सिलच्या फुल्या अजून यायच्या आहेत त्यांनी सही करण्याआधी एवढं विचारावं : मी यात कोण, सहकर्जदार की जामीनदार, धंदा सहा महिने बंद राहिला तर हप्ता कशातून, आणि हप्त्याचा एसएमएस माझ्याही मोबाइलवर येईल ना. शेवटचं फॉर्मवर नंबर लिहून घेतला की होतं. तुमच्या बाबतीत तेवढं झालं असतं तर पहिल्याच थकलेल्या महिन्यात तुम्हाला कळलं असतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, मुलाला सांगू का. सांगा, या आठवड्यात, दोघांनी मिळून. त्याला अर्धं कळलेलंच असणार. दार लावून बोलणारे आईवडील आणि आजीचं रडणं यातून सतरा वर्षांचा मुलगा जे चित्र बनवतो ते खऱ्याहून वाईट असतं. दारावर नोटीस लागून सोसायटीतल्या मित्राकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. रक्कम सांगा, योजना सांगा, परीक्षा होईपर्यंत याच घरात राहण्याचा प्रयत्न आहे पण शब्द देता येत नाही, हेही सांगा. गिऱ्हाईकाशी बोलताना ताबा मार्चनंतर देण्याची अट घालून बघा. बरेच जण मान्य करतात, विशेषतः ज्यांची स्वतःची मुलं शाळेत आहेत ते. घर विकतोय हे सासूबाईंना सांगण्याचं काम तुमचं नाही. ते त्यांच्या मुलाने करायचं, तुम्ही शेजारी बसा फार तर. आणि पीएफचा तो फॉर्म शाळेत परत देऊन टाका.